पंधराशे कोणाच्या खिशातले?

साथींनो,

लाडकी बहीण योजनेवरून संघटनेत दोन तट पडलेत. काही कार्यकर्ते म्हणतात, ही मतांची लाच आहे, हात लावू नका. बाया म्हणतात, मग तुम्ही द्या महिन्याला पंधराशे! आम्ही बायांच्या बाजूचे आहोत. पण बोलायचं बरंच राहिलंय.

जुलै २०२४ पासून १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यावर लागू झाले. आपल्याकडे आवणी उरकली की घरातलं धान्य संपतं. श्रावण-भादव्यात कणगी रिकामी. तेव्हाच भट्टीवाला शेठ पाड्यावर येतो, उचल देतो, आणि दिवाळी झाली की पोराबाळांसकट अख्खं घर वीटभट्टीवर. यंदाच्या पावसात काही घरांनी उचल घेतली नाही, काहींनी कमी घेतली. तेल, मीठ, पोराच्या तापाचं औषध बाईने आपल्या पैशातून आणलं, नवऱ्याला न विचारता. उचल नसली की भट्टीवर मजुरीचा भाव बोलता येतो, पोरगं शाळेत राहतं. हे लहान नाही. ‘फुकटचे पैसे’ म्हणणाऱ्यांनी दादर-माहीमच्या फुटपाथवर पळसाची पानं विकून तिथंच रात्र काढणाऱ्या आपल्या बायांना विचारावं, पंधराशे जमवायला किती भारे वाहावे लागतात.

पण खात्यात पडले म्हणजे हातात आले असं नाही. बँक लांब. जीपभाडं जातं, एक दिवसाची मजुरी बुडते, आणि चिखलात राबून झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. त्यात तेव्हा नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला. नवरा टाकून गेलेला, बाप वारलेला, त्या बाईने कोणाचा अंगठा आणायचा? आणि जिच्या नावावर पीएम किसान नि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२,००० येतात, तिला बहीण म्हणून महिन्याला फक्त ५००. वनपट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावायचं हे २००६ च्या कायद्यातच आहे. त्या पट्ट्यावर बाई शेतकरी म्हणून नोंदली गेली, तर इकडे तिचे हजार कापले!

आणि हा पैसा येतो कुठून? एप्रिल २०२५ च्या हप्त्यासाठी आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख वळवले. सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख. सरकार म्हणतं, आदिवासींचे पैसे आदिवासी बहिणींनाच दिले. वा रे हिशोब! इतर बहिणींना सगळ्या राज्याच्या तिजोरीतून, आणि आमच्या बहिणीला तिच्याच पोरांच्या आश्रमशाळेच्या, वसतिगृहाच्या वाट्यातून? एका हाताने ओवाळणी, दुसऱ्या हाताने ताटातली भाकर.

हे पहिल्यांदा होत नाही. २०१८ साली वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे पोरांच्या खात्यावर टाकायचं ठरवलं. पैसे वेळेवर आले नाहीत तर पोरांनी तोवर काय खायचं? जुलैमध्ये पोरं पुण्याहून नाशिकला पायी निघाली, पोलिसांनी वाटेत अडवलं. तिथं रोख आली नि शिजलेलं जेवण गेलं. उद्या रेशनचंही असंच करतील. दुकानात तांदूळ महाग झाला तर खात्यातली रक्कम काही आपोआप वाढत नाही. पट्ट्याची जमीन मात्र दर पावसाला भात देते, आणि तिला निवडणूक लागत नाही.

म्हणून पंधराशे घ्या, बिनलाजेने घ्या. पण येत्या ग्रामसभेत एकल बायांची यादी करून ठराव तहसीलदाराकडे पाठवा, की आधारसाठी यांचे पैसे अडवू नका. आदिवासी विकासाचा निधी परत करा, हा ठरावही त्याच दिवशी. आणि ज्यांचे वनहक्क दावे अजून पडून आहेत त्यांनी दाव्याची पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणावी. पोच हरवली असेल त्यांनीही यावं, नावं लिहून घेऊ.

जिंदाबाद!