कोकणात ‘आपलं’ जेवण कुठं मिळतं?

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचं असं आमच्या स्टाफरूममध्ये ठरत होतं. गाडी ठरली, माणशी खर्च ठरला आणि मग असे बेत दरवेळी जिथं येऊन अडतात तिथंच हाही अडला. एक सहकारी म्हणाले, “सर, बाकी सब ठीक है, लेकिन उधर अपना कुछ खाने को नै मिलता.” सगळ्यांनी माना हलवल्या. एकानं सुचवलं की इथूनच आचारी घेऊन जाऊ. दुसऱ्यानं भगोनं, गॅसची टाकी आणि तांदळाचा हिशोबसुद्धा मांडला. समुद्राकाठी जाऊन जालन्याची बिर्याणी शिजवून खायची आणि परत यायचं!

मी तेव्हा गप्प बसलो, कारण मागच्या मे महिन्यापर्यंत माझंही मत तेच होतं. आता ते राहिलेलं नाही. ‘उधर अपना कुछ नै मिलता’ हे वाक्य खोटं आहे. ते आपल्या खिशाला महाग पडतं, आणि माणूस म्हणूनही आपल्याला लहान करतं.

आधी माझी चूक सांगतो. मागच्या मे महिन्यात आम्ही चार घरची 16 माणसं टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालो. पुणे, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढं रत्नागिरी. दुपारी एकच्या सुमारास किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. रस्त्यावर खानावळी होत्या. ‘घरगुती जेवण’, ‘मासे थाळी’, ‘ताजे मासे मिळतील’ असे खडूनं लिहिलेले फळे होते. आम्ही एकेक मागं टाकत गेलो, कारण प्रत्येक पाटीवर आम्ही पदार्थ वाचत नव्हतो, नाव वाचत होतो. आम्हाला हिरवी पाटी हवी होती, 786 हवं होतं. ते सापडेपर्यंत चार वाजले. पोरं रडून झोपली होती. अम्मीला साखरेचा त्रास, तिला गाडीतच बिस्किटं खावी लागली. शेवटी मिळालेल्या हॉटेलात बिर्याणी होती, चिकन मंचुरियन होतं, तंदुरी होती. मासा विचारला तर वेटर म्हणाला, “फ्राय होईल, पण फ्रीजमधला आहे.” बिर्याणी आपल्या बसस्टँडवरच्या हॉटेलपेक्षा वाईट होती आणि बिल चार हजारांच्या वर गेलं. समुद्र समोर दिसत होता आणि आम्ही ब्रॉयलर कोंबडी खात होतो.

दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याला विचारलं, “तुम्ही कुठं जेवता?” त्यानं एसटी स्टँडमागच्या गल्लीत नेलं. सहा टेबलांची खानावळ. मालकीणबाई स्वतः वाढत होत्या, भिंतीवर गणपतीची तसबीर होती. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, एक तळलेली तुकडी, तांदळाच्या भाकरी, भात, सोलकढी. थाळी 150 रुपये. कालवण आणि भात पुन्हा विचारून वाढत होत्या. अम्मीनं हात धुता धुता बाईंना त्या तिरफळाबद्दल विचारलं. दोघी दहा मिनिटं बोलत उभ्या होत्या, एक दख्खनीत आणि एक मराठीत.

आता कोणी म्हणेल, सर, जेवण चांगलं असेल, पण हलालचं काय? प्रश्न योग्य आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. पण त्याचं उत्तर आपल्याच दीनमध्ये आहे. जबिहाची अट जमिनीवरच्या जनावरांना आणि पक्ष्यांना आहे, माशाला नाही. सूरह अल-माइदाची 96वी आयत समुद्रातली शिकार आणि समुद्रातलं अन्न आपल्याला हलाल ठरवते. मेलेल्या जनावराला मनाई आहे, पण हदीसमध्ये त्यातून मासा आणि टोळ हे दोन वगळले आहेत. मासा हिंदू कोळ्यानं पकडला की मुसलमान दालद्यानं, कोणत्या बाईनं कापला, कोणाच्या चुलीवर शिजला, यानं त्याच्या हलाल असण्यात फरक पडत नाही. म्हणजे जिथं आपली सर्वात मोठी अडचण आपोआप सुटते, नेमकं तिथंच आपण सर्वात जास्त अडून बसतो!

मसलकचा एक बारकावा आहे, तोही सांगतो. आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी. आपल्याकडं पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा चालतो. खेकडा आणि तिसऱ्या चालत नाहीत, कोळंबीवर उलमांमध्ये दोन मतं आहेत. कोकणी मुसलमान शाफई आहेत. अरब व्यापाऱ्यांशी समुद्रमार्गे आलेल्या जुन्या संबंधांची ती खूण. त्यांच्याकडं माशाशिवाय समुद्रातल्या इतरही बऱ्याच जिनसा चालतात. तेव्हा कोकणात एखाद्या मुसलमान घरात तिसऱ्यांचं कालवण समोर आलं तर ‘तौबा तौबा’ करू नका. ते त्यांच्या फिकहप्रमाणे बरोबर आहेत. तुम्ही तुमच्या फिकहप्रमाणे बांगडा मागा.

राहिला तव्याचा प्रश्न. ज्या तेलात बाहेरची कोंबडी तळली त्यातच मासा तळला तर? याला उपाय आहे, तोंड उघडून विचारायचं. “ताई, आम्ही फक्त मासे खातो, तवा वेगळा मिळेल का?” कोकणात हे वाक्य नवीन नाही. तिथल्या खानावळीत कोणाची संकष्टी असते, कोणाचा श्रावण, कोणाचा सोमवार. कोणाचं काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त सवयीचं आहे. तळण नको वाटलं तर कालवण-भात घ्या. परमिट रूमवाल्या हॉटेलात बायका-पोरांना घेऊन बसायचं नसेल तर बसू नका, मीही बसत नाही. पण साध्या खानावळीत दारू नसते, आणि तीच स्वस्तही असते.

स्वस्ताचा विषय निघाला म्हणून सांगतो, कोकण महाग नाही, पर्यटकाची निवड महाग आहे. आपल्याला माशांची तीन नावं माहीत, सुरमई, पापलेट आणि कोळंबी. मुंबई-पुण्याचा गिऱ्हाईकही तेच मागतो, म्हणून त्याचे भाव चढलेले. तिथला शिपाई, कारकून, कंडक्टर रोज सुरमई खात नाही. तो बांगडा, तारली, मांदेली खातो. हे मासे स्वस्त आणि चवीला जोरदार. मेनूकार्ड बघायच्या आधी ‘आज काय आलंय?’ एवढंच विचारा. जे आज आलं ते ताजं आणि बहुधा परवडणारंही.

दुसरं, वेळ. खानावळीचं जेवण साडेबाराला तयार आणि अडीच-तीनला संपलेलं असतं. आपण चारला पोचतो आणि म्हणतो काही मिळत नाही! 16 माणसं असतील तर सकाळीच फोन करून सांगा. एवढ्या लोकांसाठी भाकरी आयत्या वेळी थापून होत नाहीत.

तिसरं, ऋतू. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, माशांचा विणीचा काळ म्हणून. त्या 61 दिवसांत मोठ्या पापलेटचा आग्रह धरला तर बर्फातलं मिळणार आणि दुप्पट पैसे जाणार. त्या दिवसांत तिथली माणसं सुकट, सुके बोंबील, सोडे खातात. तुम्हीही तेच मागा.

हॉटेलवाल्यांनाही इथं एक गोष्ट सुनावली पाहिजे. मेनूकार्डावर ‘दर आकारानुसार’ लिहायचं आणि मासा ताटात आल्यावर आकडा सांगायचा, हा व्यवहार बरोबर नाही. मापात आणि भावात स्पष्टता ठेवणं हा धंद्याचा पहिला नियम आहे, मालक कोणत्याही धर्माचा असो. गिऱ्हाईकानंही तळायच्या आधी मासा बघावा आणि भाव विचारावा. विचारण्यात लाज नाही. बिल बघून बायकोपोरांसमोर गप्प बसण्यात आहे.

आता जरा घरचा आहेर. कोकणी मुसलमानांचं स्वतःचं असं सुंदर जेवण आहे. नारळाच्या दुधातलं कालवण, तांदळाची भाकरी, घावन, मटणाच्या रश्श्याबरोबर खायचं सांदण. हे शेकडो वर्षं त्या मातीत, त्या बोलीत वाढलेलं जेवण. हमीद दलवाई ज्या मिरजोळीत जन्मले तिथल्या चुलीवरचं, राजिवड्याच्या आणि दाभोळच्या चुलीवरचं. पण तिथल्या मुसलमानांच्या हॉटेलांत जा. पाटीवर काय? मुगलाई, तंदूर, चायनीज! घरात सांदण आणि दुकानात शेजवान राइस. का? कारण आपल्यासारखं गिऱ्हाईक गाडीतून उतरतं आणि ‘बिर्याणी है क्या?’ विचारतं. मुसलमान म्हणजे बिर्याणी, हे समीकरण दुसऱ्यांनी आपल्यावर लादलं असं आपण म्हणतो. मग कोकणात जाऊन तेच समीकरण आपल्याच भावावर कोण लादतं? त्या घरातल्या बायकांनी ‘कोकणी मुसलमानी जेवण’ असा मराठीत फळा लावला आणि दिवसाला 20 ताटं वाढली, तर आपल्यालाही मिळेल आणि त्यांच्याही हातात चार पैसे येतील. पण त्यासाठी विचारणारं गिऱ्हाईक पाहिजे. ते आपण व्हायला हवं.

शेवटी मूळ दुखण्यावर येतो. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांना मालकांची नावं लावायला सांगितली गेली. आपण सगळे अस्वस्थ झालो. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशांना अंतरिम स्थगिती दिली तेव्हा आपल्याला हायसं वाटलं. मार्च 2025 मध्ये आपल्याच राज्याचे मत्स्यव्यवसाय मंत्री नितेश राणे यांनी हिंदूंच्या झटका मटण दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली. तेव्हाही आपण चिडलो. चिडणं बरोबर होतं. मंत्र्यानं मटणाच्या दुकानांची धर्मावर वाटणी करायला निघावं, हे राज्यघटनेला शोभणारं नाही.

पण मग मी त्या मे महिन्यातली आमची गाडी आठवतो. तीन तास, 16 माणसं, प्रत्येक पाटीवर नाव वाचत जाणारी. सरकारचा आदेश आणि माणसाची सवय एक नाहीत, हे मला कळतं. हलालची अट पाळणं आणि मालकाचं नाव बघून पाठ फिरवणं हेही एक नाही, आणि माझं म्हणणं नेमकं तेवढंच आहे. मटण खायचं असेल तर जबिहा कुणी केला ते जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण भात, वरण, भाकरी आणि मासा असलेल्या ताटासमोरही ‘मालक कोण?’ हाच पहिला प्रश्न येत असेल, तर तो दीनचा प्रश्न नाही. ती सवय आहे, आणि ती सवय मोडल्याशिवाय दुसऱ्याच्या त्याच सवयीवर बोट ठेवायला आपल्याला तोंड राहत नाही.

शाळेत मी एका तासाला उर्दू शिकवतो आणि पुढच्या तासाला मराठी. पोरांना सांगतो, दोन्ही आपल्याच. भाषेच्या बाबतीत जे पोरांना शिकवतो, ते ताटाच्या बाबतीत स्वतः विसरलो होतो. बिर्याणी आपली आहेच. जालन्याची ज्वारीची भाकरीही आपली, रत्नागिरीचं बांगड्याचं कालवणही आपलंच. ते शिजवणाऱ्या बाईंचं आडनाव काहीही असो.

उद्या स्टाफरूममध्ये मी एवढंच सुचवणार आहे. आचाऱ्याचे पैसे वाचवू. भगोनं घरीच राहू दे. रत्नागिरीच्या त्या बाईंचा नंबर माझ्याकडं आहे. सकाळी आठला फोन करून विचारू, “ताई, आज काय आलंय?” ज्यांना तरीही बिर्याणीच हवी असेल त्यांनी निघायच्या आधी जालन्यात खाऊन घ्यावी. इथं ती स्वस्तही मिळते आणि चांगलीही.