समुद्रात पडलेले रॉकेट



'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' हा सुविचार शाळेच्या फळ्यावर तुम्ही कधी ना कधी वाचला असेल. कोणी परीक्षेत नापास झाले, कोणी सामना हरले, की मोठी माणसे हेच वाक्य सांगतात. वाक्य वाईट नाही. त्याने धीर येतो. पण मला ते अर्धेच वाटते. पायरी नुसती असून चालत नाही, ती चढावी लागते. आणि कशी चढायची, ते या सुविचारात कुठेच सांगितलेले नाही. आज मी तुम्हाला काही रॉकेटांची हकिकत सांगणार आहे. त्यावरून माझे म्हणणे पटते का, ते पाहा. पटले नाही तर वर्गात उभे राहून तसे सांगा.

१८ मे २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून एक रॉकेट उडाले. त्याचे नाव पी.एस.एल.व्ही.-सी६१. पृथ्वीची छायाचित्रे घेणारा एक उपग्रह त्यात होता. पहिला टप्पा ठीक झाला, दुसरा ठीक झाला, पण तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. पुढे एकदा वर्गात या बातमीचा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, सगळे पैसे पाण्यात!" वर्ग हसला. मलाही हसू आले, कारण मुलाने मराठी वाक्प्रचार अगदी अचूक वापरला होता. उर्दूत आपण 'मेहनतीवर पाणी फिरले' म्हणतो, मराठीतही तसेच म्हणतात. दोन्ही भाषांत बिचाऱ्या पाण्यालाच दोष!

पण रॉकेटाच्या बाबतीत पाण्यात पडणे म्हणजे वाया जाणे, असे मुळीच नाही. श्रीहरिकोटा हे आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर, बंगालच्या उपसागराला लागून आहे. ही जागा मुद्दाम निवडलेली आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटाला तिच्या वेगाची आयती मदत मिळते. शिवाय खाली समुद्र असल्यामुळे जळून रिकामे झालेले टप्पे कोणाच्या घरावर पडत नाहीत. म्हणजे जे रॉकेट पूर्ण यशस्वी होते, त्याचेही मोठे भाग समुद्रातच पडतात. उलट रॉकेटाने आपले काम चोख केले तरी मोहीम फसू शकते. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून शंभरावे प्रक्षेपण झाले. रॉकेटाने एन.व्ही.एस.-०२ हा उपग्रह बरोबर जागी नेऊन सोडला. पण पुढे उपग्रहातल्या झडपा उघडल्या नाहीत, त्याचे इंजिन चालू झाले नाही आणि तो आपल्या ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही. तेव्हा धूर आणि ज्वाळा पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी थोडे थांबावे, आणि 'पाण्यात गेले' म्हणणाऱ्यांनीही थोडे थांबावे.

आता थोडे मागे जाऊ. १० ऑगस्ट १९७९. भारताने स्वतः बनवलेले एस.एल.व्ही.-३ हे रॉकेट प्रथमच उपग्रह घेऊन निघाले. उंची २२ मीटर, वजन सुमारे १७ टन. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पहिला टप्पा उत्तम झाला. दुसरा टप्पा भरकटला आणि पाच-सव्वापाच मिनिटांत खेळ आटोपला. सारे काही समुद्रात पडले. त्या दिवशी इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी स्वतः पत्रकारांसमोर जाऊन अपयशाची जबाबदारी घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच रॉकेटाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना पुढे केले. ही हकिकत तुम्ही अनेकदा ऐकली असेल. भाषणांत ती नेहमी सांगतात आणि ती सांगण्यासारखी आहेच.

मात्र ती सांगताना एक गोष्ट बहुतेक जण गाळतात. त्या अकरा महिन्यांत काय झाले? शास्त्रज्ञ नुसते धीर धरून बसले नव्हते. त्यांनी कारण शोधले. दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेत एक झडप होती. ती नीट बंद झाली नाही. तिच्यातून नायट्रिक आम्ल गळून गेले. वळायची वेळ आली तेव्हा वळवणारी शक्तीच शिल्लक नव्हती. एवढे मोठे रॉकेट, आणि कारण केवढे? एक झडप. ती सापडली, म्हणून १९८० साल उजाडले. सापडली नसती तर दुसरे रॉकेटही पहिल्याच्या वाटेने गेले असते.

माझ्या आवडीची हकिकत याहून अलीकडची आहे आणि ती तुमच्याच वयाच्या मुलींची आहे. देशातल्या ७५ सरकारी शाळांतील ७५० विद्यार्थिनींनी मिळून एका लहान उपग्रहाचे भाग तयार केले. चेन्नईच्या 'स्पेस किड्झ इंडिया' या संस्थेने त्यांना मार्गदर्शन केले. स्वातंत्र्याला ७५ वर्षे झाली म्हणून उपग्रहाचे नाव ठेवले 'आझादीसॅट'. (या नावातला पहिला शब्द समजायला तुम्हाला मराठी शब्दकोश लागणार नाही.) वजन सुमारे आठ किलो, म्हणजे तुमच्यातल्या काहींचे दप्तर त्याच्या जवळपास जात असेल.

७ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी एस.एस.एल.व्ही. हे नवे लहान रॉकेट पहिल्यांदाच उडाले. त्यात इस्रोचा एक उपग्रह होता आणि हा मुलींचा उपग्रह होता. तिन्ही टप्पे व्यवस्थित जळले. टाळ्या झाल्या. मग संदेश येणे थांबले, आणि दुपारपर्यंत कळले की दोन्ही उपग्रह आता कामाचे राहिले नाहीत. पृथ्वीपासून सगळीकडे ३५६ किलोमीटर अंतर राहील अशी गोल कक्षा हवी होती. मिळाली ती लांबट. तिचे एक टोक ३५६ किलोमीटरवर आणि दुसरे अवघ्या ७६ किलोमीटरवर! ७६ किलोमीटर उंचीवर हवा फार विरळ असते. पण इतक्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला अडवण्यापुरती ती पुरेशी असते. उपग्रह खाली ओढले गेले.

कारण काय निघाले, ते नीट वाचा, कारण ते फार विलक्षण आहे. कोणतेही इंजिन बिघडले नव्हते. दुसरा टप्पा सुटून वेगळा झाला तेव्हा रॉकेटाला एक हादरा बसला. हा हादरा सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता होता. रॉकेटाचा वेग कसा बदलतो ते मोजणारी उपकरणे त्या हादऱ्याने गांगरली. रॉकेटातल्या संगणकाने ठरवले, की ही उपकरणे बिघडली. आता यांचे ऐकायचे नाही. खरे तर ती बिघडली नव्हती. बाजारात कोणाचा धक्का लागून तराजू हलावा आणि दुकानदाराने तो लगेच मोडला म्हणून फेकून द्यावा, तसे झाले. संगणकाने उपकरणांशिवाय, अंदाजाने पुढचा प्रवास केला आणि उपग्रह चुकीच्या कक्षेत सोडले.

हे कारण इस्रोने शोधले आणि लोकांनाही सांगितले. दुसरा टप्पा वेगळा करणारी यंत्रणा बदलली, म्हणजे हादरा कमी बसावा. संगणकाने इतक्या घाईने निर्णय देऊ नये, अशीही सुधारणा केली. तिकडे मुलींसाठी 'आझादीसॅट-२' तयार झाला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे सहा महिने आणि तीन दिवसांनी, तेच रॉकेट पुन्हा उडाले आणि उपग्रह ४५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत नीट पोहोचले. मला त्या सहा महिन्यांचे फार मोल वाटते. प्रक्षेपणाच्या पंधरा मिनिटांपेक्षाही जास्त.

चांद्रयानाचे तर तुम्ही दूरदर्शनवर पाहिलेच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे विक्रम हे यान चंद्रापासून सुमारे २.१ किलोमीटरवर असताना त्याचा संपर्क तुटला. कारणे शोधली, तेव्हा आढळले की इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, यानाला झटकन वळणे जमले नाही, आणि उतरण्याची जागाही फार लहान ठरवली होती. केवळ ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद. चांद्रयान-३ च्या वेळी ती जागा ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवले. त्या वेळचे इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले होते, की या वेळी आराखडा करताना काय काय बिघडू शकेल याचा आधी विचार केला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी यान उतरले. आणि हो, चांद्रयान-२ चे चंद्राभोवती फिरणारे यान चालूच होते. चांद्रयान-३ ने संदेशांसाठी त्याची मदत घेतली. 'फसलेल्या' मोहिमेचा अर्धा भाग असा उपयोगी पडला.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, "मॅडम, मग सुविचार खराच झाला की! प्रत्येक वेळी अपयशानंतर यश आले."

थांबा. आता पुन्हा पी.एस.एल.व्ही.कडे येऊ. हे रॉकेट २० सप्टेंबर १९९३ रोजी पहिल्या उड्डाणात फसले आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजी यशस्वी झाले. पुढे त्याने चांद्रयान-१ नेले, मंगळयान नेले, १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच वेळी १०४ उपग्रह नेले. इस्रोचे सर्वांत भरवशाचे रॉकेट म्हणून त्याची ख्याती झाली. मग मे २०२५ मध्ये त्याचा तिसरा टप्पा बिघडला. त्या टप्प्यात घन इंधन जळते. ते जळत असताना आतला दाब एकाएकी कमी झाला. त्यानंतर १२ जानेवारी २०२६ रोजी पी.एस.एल.व्ही.-सी६२ उडाले. त्याच्यासोबत बाहेरच्या संस्थांचे अनेक लहान उपग्रहही होते. पुन्हा तिसऱ्या टप्प्यातच गडबड झाली आणि रॉकेट मार्ग सोडून गेले. एका अपयशानंतर दुसरे अपयश! सुविचार इथे आपल्याला काय सांगतो? काहीच नाही.

म्हणून मी म्हणते, की अपयश आपोआप पायरी होत नाही. त्याचे कारण शोधले, ते मान्य केले, ते सर्वांना सांगितले आणि मग दुरुस्ती केली, तरच होते. यात 'सर्वांना सांगितले' यावर माझा विशेष भर आहे. काही लोक म्हणतात, की रॉकेटाच्या गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात. उपग्रह काय टिपणार आहे, हे गुप्त असू शकेल; ते मला मान्य आहे. पण टप्पा का बिघडला, हे निदान ढोबळमानाने लोकांपुढे यायला हवे. पैसा लोकांचा आहे. शिवाय देशात कुठेतरी आठवीत बसलेली एखादी मुलगी ते कारण वाचून उद्या त्यावर उपाय शोधेल, हे कोण नाकारील? २०२२ चे कारण इस्रोने सांगितले होते, म्हणून तर आज मी ते तुम्हाला सांगू शकले.

वर्तमानपत्रांचीही एक तक्रार करते. प्रक्षेपणाची बातमी पहिल्या पानावर, रंगीत छायाचित्रासह येते. फसल्याचीही येते. पण दोन-चार महिन्यांनी कारण समजते, तेव्हा ती बातमी आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली चार ओळींत असते. तुमच्यापैकी बरेच जण वहीत रॉकेटांची छायाचित्रे चिकटवतात. ती जरूर चिकटवा. पण या चार ओळीही शोधून त्याच पानावर चिकटवा.

आपल्या वर्गातही तेच होते. 'नापास' हा शब्द पाहा. 'ना' फार्सीतून आला, 'पास' इंग्रजीतून आला आणि तो मराठी व उर्दू दोन्हींत घरच्यासारखा बसला. दहावीत गणितात नापास झालेल्या मुलाला सगळे सांगतात, 'अपयश ही पायरी आहे, पुन्हा बैस.' तो पुन्हा बसतो. पण त्याला बीजगणित अडले की भूमिती, सूत्र आठवले नाही की प्रश्नाची भाषाच कळली नाही, हे त्याला कोणी विचारत नाही. तोही कोणाला दाखवत नाही. गुणपत्रिका कपाटात, कपड्यांच्या खाली जाते. दुसऱ्यांदा तिथेच अडखळल्यावर कामाला लावला जातो. मुलगी असेल तर घरी बसवली जाते. अशी किती मुले-मुली मी पाहिली आहेत! त्यांच्यात काही मोठा दोष नव्हता. बहुतेकांच्या बाबतीत एखादी झडपच उघडी राहिली होती.

तेव्हा सहामाहीचा पेपर हातात आला, की आधी गुण पाहाल, ते साहजिक आहे. पण नंतर जिथे गुण गेले ती पाने उलटा, आणि गुण का गेले ते त्या विषयाच्या शिक्षकांना विचारा. ते रागावले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि पी.एस.एल.व्ही. पुन्हा उडेल, तेव्हा दूरदर्शनसमोर बसून पहिल्या टप्प्याच्या ज्वाळा पाहाच. मात्र लगेच उठून जाऊ नका. तिसरा टप्पा सुरू झाल्याची घोषणा होईल तेव्हा पडद्यावरची रेषा ठरलेल्या मार्गावरून जाते की नाही, तिकडे लक्ष ठेवा.