नागलीची भाकरी आणि जपानी ताट

यंदाच्या हिवाळी सहलीत आम्ही इयत्ता नववीच्या मुलामुलींस मुंबई दाखविली. गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, वरळीचे जपानी बौद्ध मंदिर इत्यादी स्थळांचे वर्णन ह्याच अंकात विद्यार्थ्यांनी केले आहे. ते आम्ही पुन्हा करीत नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते एका जेवणाविषयी, व त्या जेवणाने आमच्या पदरात घातलेल्या आमच्याच चुकीविषयी.

निघण्यापूर्वी आम्ही सूचना काढिली होती की, शिदोरीस पोळी-भाजी किंवा पुऱ्या आणाव्यात. नागलीची भाकरी व सुकी मासळी आणू नये. मासळीचा वास गाडीत पसरेल, हे कारण आम्ही सांगितले. ते अर्धेच खरे होते. शहरात चारचौघांसमोर आमच्या मुलांनी काळी भाकरी सोडू नये, असेही मनात होते. मनोरच्या पुढे गाडी थांबली तेव्हा मोखाड्याकडील एक मुलगी झाडाआड एकटीच जेवताना दिसली. आईने तिला भाकरीच बांधून दिली होती. आम्ही पाहून न पाहिल्यासारखे केले.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, जव्हारचाच, मुंबईतील एका जपानी भोजनगृहात स्वयंपाकी आहे. मालकांस विनवून त्याने दुसऱ्या दिवशी सर्वांस तेथे जेवावयास बोलाविले. (पालकांच्या खिशास ह्याची तोशीस पडलेली नाही. तशी विचारणा झाली म्हणून सांगून ठेवतो.) जपानी जेवण म्हणजे कच्चे मासे, एवढेच आमचे ज्ञान. प्रत्यक्षात पुढे आला तो भात, सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचे सार आणि समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेले आंबूस भाताचे घास. त्यांस सुशी म्हणतात. काड्यांनी जेवणे कोणास साधेना; पण सुशी हातानेही खातात असे कळताच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एका मुलाने ठेचा समजून हिरव्या वासाबीचा गोळाच तोंडात टाकिला. पुढील दोन मिनिटे त्यास जपान काय, जव्हारही आठवेना!

मग एका वाडग्यातून कोवळ्या कोंबांच्या फोडी आल्या. "सर, हे तर वास्ते!" ती मोखाड्याची मुलगी एकदम बोलली. खरेच ते बांबूचे कोंब होते. पावसाळ्यात आमच्या रानातून घरोघर येतात तेच. साराची चव कशाने आली असे विचारता आमच्या विद्यार्थ्याने लाकडाच्या ढलपीसारखा एक तुकडा आणून दाखविला. कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावर धरून, दगडासारखा कठीण होईतो वाळवितात. मग रंध्यासारख्या हत्याराने त्याचा कीस काढतात. नाव कात्सुओबुशी. "म्हणजे सुकी मासळीच की!" कोणीतरी म्हणाले, आणि सारी पंगत हसली. ती मुलगी हसली नाही. तिने आमच्याकडे पाहिले, व आम्ही ताटाकडे पाहू लागलो.

जपानातही पूर्वी पांढरा भात हे श्रीमंतीचे लक्षण होते. डोंगराळ भागातील गरीब लोक भगरीसारख्या भरड धान्यांवर राहत. त्या पांढऱ्या भातानेच त्यांच्या आरमारावर संकट आणिले. १८८२-८३ च्या सफरीत एका युद्धनौकेवरील ३७६ जणांपैकी १६९ जणांस बेरीबेरी झाली व २५ दगावले. डॉक्टर ताकागी कानेहिरो ह्यांनी आहार बदलून १८८४ मध्ये दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठविले; त्यावर ह्या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. पुढे आरमाराच्या भातात जव मिसळू लागले. सडलेल्या तांदळातून निघून जाणाऱ्या जीवनसत्त्वाची ओळख शास्त्रास नंतर पटली.

आमच्या तालुक्यांत आज हाच मोह उलट्या दिशेने चालला आहे. रेशनचा पांढरा तांदूळ प्रतिष्ठेचा आणि वरकस जमिनीतील नागली कमीपणाची! शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. आम्ही दारिद्र्याचे गोडवे गात आहोत असे कोणी समजू नये. १९९२ साली वावर-वांगणीची बालके कुपोषणाने गेली, हे ह्या भागात कोण विसरेल? पण ताटात भाकरी नव्हती ह्याचे ते दुःख होते. भाकरी काळी होती ह्याचे नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळिले, आणि आम्ही शिक्षक मात्र नागलीस शिदोरीतून हद्दपार करीत होतो.

जपानी लोक जेवणापूर्वी हात जोडून 'इतादाकिमासु', म्हणजे 'मी हे नम्रपणे स्वीकारतो', असे म्हणतात. आमची मुलेही रोज जेवणापूर्वी प्रार्थना करितात. ज्या अन्नाबद्दल आभार मानावयास शिकवावे, तेच लपवावयास लावणे हे आमच्याकडून घडले.

परतल्यावर आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. चुकीचे बोलणे पुरते होण्याआधीच तिच्या आईने ताट मांडिले. पुढील सहलीच्या सूचनेतून ते वाक्य आम्ही काढून टाकिले आहे. मासळीच्या डब्याचे झाकण मात्र घट्ट असावे, एवढी विनंती पालकांनी मान्य करावी. गाडीतील वासाचे कारण अर्धे तरी खरेच होते.