व्हॉल्यूम नको, सेंटर वाढवा

दिल्ली कॅन्टचं क्वार्टर असो की नोएडातलं निवृत्त फौजींचं अरुण विहार, भिंतीपलीकडे शेजारी असतोच. आणि आपले कान फायरिंगने थकलेले. तोफा-रायफलींच्या आवाजाने आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. 'स', 'श', 'फ' पुसट होतात. धमाका मात्र नीट ऐकू येतो. मग सिनेमातला संवाद कळेना की आपण सरळ व्हॉल्यूम चढवतो.

माझ्या मते हा उपायच चुकीचा. व्हॉल्यूमने सगळंच वाढतं, आणि भिंत ओलांडून आधी जातो तो सबवूफरचा दणका.

५.१ होम थिएटरमध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. सेटिंगमध्ये 'सेंटर लेव्हल' शोधा, तीन डेसिबल वाढवा. सबवूफर तेवढाच उतरवा. रात्री 'नाइट मोड' लावा: मोठे आवाज दबतात, बारीक आवाज वर येतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलचीच आहे.

एवढं करूनही शब्द निसटत असतील, तर ईसीएचएसमध्ये कान तपासून घ्या. चष्मा लावतो तसंच श्रवणयंत्र लावायचं. त्यात कसला आलाय कमीपणा?