दारूबंदी नको, रस्ता मोकळा हवा

मुसलमान माणूस दारूवर लिहायला लागला की लोक म्हणतात, झालं, हराम-हलाल सुरू! तसं नाही. कुणी आपल्या घरात काय प्यावं हा माझा विषय नाही. माझा विषय रस्ता आहे.

जळगाव असो की धुळे, संध्याकाळी वाइन शॉपजवळ उभं राहून पाहा. दुकानात सीलबंद बाटली मिळते, बसून प्यायची परवानगी नसते. मग ती शेजारच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर उघडते. क्लासवरून येणारी मुलगी रस्ता बदलते. पिणारा जागा बदलत नाही.

1949च्या दारूबंदी कायद्याचं कलम 85 रस्त्यावर नशेत धिंगाणा घालणाऱ्यांसाठी आहे. पण धिंगाणा होईपर्यंत वाट का पाहायची? डिसेंबर 2016मध्ये सुप्रीम कोर्टानं महामार्गालगत 500 मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं. जुलै 2017मध्ये शहर हद्दीला सूट मिळाली. ट्रकवाल्याची काळजी झाली, पायी चालणारी बाई राहिली.

‘बार परवडत नाही, गरिबानं प्यायचं कुठं?’ प्रश्न खरा आहे. पण त्याच्या वाचलेल्या पैशांची किंमत त्या मुलीनं का मोजावी?

दुकानासमोर पिणं चालू दिसलं, तर परवान्याचं नूतनीकरण थांबवा. नफा ज्याचा, जबाबदारी त्याची.

आणि पिणाऱ्याचा धर्म विचारू नका. त्या गाडीवर आपल्या मोहल्ल्यातलेही उभे असतात.