'टॉलरन्स' म्हणजे चालवून घेणं?

भाड्याने घर शोधत होतो तेव्हा एक घरमालक म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर आहात, शिकलेले आहात. तुम्हाला चालवून घेऊ." ते चांगल्या मनाने बोलले, घरही मिळालं. पण 'चालवून घेऊ' हे शब्द डोक्यात राहिले. इंग्रजीतल्या 'टॉलरन्स'चा अर्थ याहून फार वेगळा नाही.

लॅटिन 'टोलेरारे' म्हणजे सोसणं, भार वाहणं. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ कष्ट सोसण्याची ताकद असा होता. परधर्मीयांशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. आपल्या 'सहिष्णुते'तही संस्कृत 'सह्' धातू आहे. तिथेही सोसणंच.

इंजिनिअरिंगमध्ये हा शब्द मला वेगळ्या रूपात भेटला. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास 25 मि.मी. आणि टॉलरन्स अधिक-उणे 0.05 असेल, तर 25.04 चालतो, 25.06 रिजेक्ट. म्हणजे आधी एक प्रमाण माप ठरतं, मग त्यापासून किती ढळलेलं खपवून घ्यायचं ते ठरतं. समाजात हा शब्द वापरताना हाच प्रश्न विचारायला हवा: प्रमाण माप कोणाचं? ड्रॉइंग कोणी काढलं?

इंग्लंडच्या 1689 च्या टॉलरेशन ॲक्टने चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रोटेस्टंटांना, ठरलेल्या शपथा घेतल्यास, उपासनेची मोकळीक दिली. कॅथलिकांना मात्र त्यातून वगळलं. ज्यांना मोकळीक मिळाली, त्यांच्यावरही सरकारी पदांबाबतची कायदेशीर बंधनं 1828 पर्यंत राहिली. जे मेहरबानीने मिळतं, त्याची मर्यादा देणाराच ठरवतो. म्हणूनच 1790 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूपोर्टच्या ज्यूंना लिहिलेलं पत्र महत्त्वाचं आहे. एका गटाने दुसऱ्याला दिलेली सवलत अशी भाषा आता उरलेली नाही, नागरिकत्व सर्वांचं सारखं आहे, असा त्याचा आशय होता.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही 'सहिष्णुता' हा शब्द नाही. तिथे न्याय, स्वातंत्र्य, समानता आणि बंधुता आहे. भावाला कोणी 'चालवून' घेत नाही. घर त्याचंही असतं.

हाच निकष आपल्यालाही लागू होतो. वेगळ्या मसलकचा शेजारी, नमाज न पढणारा मित्र, तलाकबद्दल प्रश्न विचारणारी मुलगी यांना आपण बरोबरीने वागवतो, की नुसतं चालवून घेतो? अरबीत सहिष्णुतेला 'तसामुह' म्हणतात. त्या शब्दाच्या घडणीतच परस्परभाव आहे: एकाने दुसऱ्याशी आणि दुसऱ्याने पहिल्याशी उदार असणं. 'तआरुफ' हा शब्दही त्याच घडणीचा. कुराणातल्या सूरह हुजुरातमध्ये माणसांची राष्ट्रं आणि कबिले केल्याचं जे कारण सांगितलं आहे, ते एकमेकांना ओळखण्याचं आहे. सोसण्याचा तिथे उल्लेख नाही.

घरमालकाने भाडेकरूला जरूर पारखावं. भाडं वेळेवर देतो का, घर नीट ठेवतो का, हे पाहावं. त्यात मी नापास झालो तर तक्रार नाही. पण नाव ऐकताच मला 'ढळलेलं माप' समजू नये, आणि शिक्षण पाहून सूटही देऊ नये. माझ्या न शिकलेल्या भावालाही घर तितक्याच सहज मिळायला हवं.