दुसरे आणि दुय्यम

पाश्चात्त्य अभिजात संगीताविषयी मराठीत फार थोडे लिहिले जाते, आणि जे लिहिले जाते ते बहुधा भारावून लिहिलेले असते. त्यात स्ट्रिंग क्वार्टेटचा विषय निघाला, की दोन विधाने ठरल्यासारखी पुढे येतात. पहिले भक्तिभावाचे : हे चौघे म्हणजे चार देह आणि एक आत्मा. दुसरे सहसा छापले जात नाही, चहा पिताना बोलले जाते : एकल वादक म्हणून ज्यांचे नाव झाले नाही, ते अशा मेळांत शिरतात. वरकरणी ही विधाने परस्परविरोधी वाटतात. माझ्या मते ती दोन्ही खोटी आहेत आणि एकाच आळसातून जन्मलेली आहेत. या चौघांचे पोट कशावर चालते, आपापसांतले निर्णय ते कसे घेतात, आणि भांडण विकोपाला गेले तर काय होते, हे विचारण्याचा आपल्याला कंटाळा आहे.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो, एवढीच सामग्री. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हायडनने या मेळाला खरे रूप दिले. समोर छडी घेऊन उभा राहणारा संचालक येथे नसतो. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनची एकच ओळ दहा-पंधरा जण मिळून वाजवतात; येथे प्रत्येक ओळीला एकच माणूस, त्यामुळे चूक लपवायला जागा नाही. मराठीत या मेळाला सरळ शब्द नाही. ‘चौकडी’ म्हणावे तर आधी ‘चांडाळ’ आठवतो. तेव्हा क्वार्टेट हाच शब्द वापरतो.

आता ‘एक आत्मा’ कसा तयार होतो ते पाहू. 1808 साली व्हिएन्नात रशियाचा मुत्सद्दी काउंट रझुमोव्हस्की याने व्हायोलिनवादक शुप्पानझिग याच्या नेतृत्वाखाली एक क्वार्टेट पदरी ठेवला. वादकांना कायमचे वेतन बांधून दिले. दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीवर पुष्कळदा काउंट स्वतः बसत असे. ‘दुसरे’ म्हणजे ‘दुय्यम’ असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की व्यावसायिक क्वार्टेटच्या इतिहासाच्या आरंभीच त्या खुर्चीवर पगार देणारा मालक बसलेला आढळतो. 1814 च्या अखेरच्या रात्री काउंटचा राजवाडा जळाला. 1816 मध्ये क्वार्टेट विस्कटला आणि शुप्पानझिग रशियाकडे निघून गेला. चौघांचा आत्मा एकच होता, तर तो वेतनाबरोबर का गेला?

शुप्पानझिग 1823 मध्ये परतला. त्याच्या आदल्या वर्षी प्रिन्स गालित्सिन याने मानधन देऊ करून बेथोव्हेनकडे क्वार्टेट-रचना मागितल्या होत्या. 1810 नंतर कित्येक वर्षे एकही क्वार्टेट पूर्ण न करणारा बेथोव्हेन त्यानंतर या प्रकाराकडे वळला. त्याच्या अखेरच्या क्वार्टेट-रचनांच्या गूढतेविषयी पाने भरणाऱ्यांना हा तपशील क्षुद्र वाटतो. मला तो क्षुद्र वाटत नाही. त्यांतली पहिली रचना, ओपस 127, शुप्पानझिगच्या क्वार्टेटने 6 मार्च 1825 रोजी सादर केली आणि ती पडली. तालमीला पुरेसा वेळच मिळाला नव्हता. मग योझेफ ब्योम या दुसऱ्या वादकाकडे काम गेले. त्याने भरपूर तालमी घेतल्या आणि तीच रचना श्रोत्यांपर्यंत पोचली. स्वर तेच होते, अधिक मिळाले होते ते तालमीचे तास. हे तास आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी त्यांची किंमत मोजलेली असते. पुष्कळदा ती वादकच आपल्या इतर मिळकतीवर पाणी सोडून मोजतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू यॉर्कचा बँकर एडवर्ड द कोपे याने फ्लोन्झाले क्वार्टेट उभा केला तेव्हा त्याला हे नेमके समजले होते. वादकांनी दुसरे कोणतेही काम घ्यायचे नाही आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना निश्चिंती मिळेल, अशी अट होती. दिवसभर शिकवण्या आणि रात्री नाटकगृहातला वाद्यवृंद करून दमलेल्या चौघांना ‘एक आत्मा’ होता येत नाही, हे त्या बँकरला कळले. आपल्या समीक्षकांना अजून कळायचे आहे.

पण पगार मिळाला म्हणून प्रश्न सुटत नाही. चार माणसांनी निर्णय कसा घ्यायचा? 1917 साली बुडापेस्टच्या ऑपेरा वाद्यवृंदातील चार सहकाऱ्यांनी बुडापेस्ट क्वार्टेट स्थापन केला तेव्हा त्यांनी काही नियम घालून घेतले. संगीताचा असो वा व्यवहाराचा, मतभेद मतदानाने सुटेल. समान मते पडली तर आहे तेच चालू राहील. बाहेरची कामे कोणी घेणार नाही. चौघांना सारखे पैसे. पहिल्या व्हायोलिनला नेता म्हणून एक पैही जास्त नाही. चौथा नियम मात्र असा, की पत्नी वा प्रेयसी यांना तालमीत आणि चर्चेत प्रवेश नाही. म्हणजे लोकशाही होती, पण पुरुषांची. आणि तिच्यासाठी घर सांभाळणाऱ्या बायकांना त्या घटनेत मत नव्हते. हेही नोंदवले पाहिजे, नाहीतर मीही भक्तिभावाच्याच वाटेने जाईन.

या नियमांचे फळ काय? 1936 पर्यंत त्या क्वार्टेटमध्ये एकही हंगेरियन उरला नाही. चौघेही रशियन साम्राज्यात जन्मलेले होते. नाव मात्र बुडापेस्टच राहिले. 1940 ते 1962 या काळात वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, तेथे जतन केलेल्या स्त्रादिव्हारी वाद्यांवर, त्यांनी वादन केले. ‘एक आत्मा’वाल्यांनी सांगावे, की हा आत्मा कोणत्या देहात होता? माणसे बदलली, गाव बदलले, देश बदलला. टिकली ती कामाची पद्धत.

याच्या उलट उदाहरण अमाडेयुस क्वार्टेटचे. त्यातले तिघे व्हिएन्नातून आलेले ज्यू निर्वासित. ब्रिटनने शत्रुदेशाचे नागरिक म्हणून त्यांना छावणीत टाकले होते, आणि त्या नजरकैदेतल्या ओळखींतून पुढे त्यांचे वादन सुरू झाले. जानेवारी 1948 मध्ये लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये या नावाने पहिली मैफल झाली. 1987 मध्ये व्हायोलावादक पीटर शिडलोफ वारला आणि उरलेल्या तिघांनी क्वार्टेट बंद केला. सुमारे 40 वर्षांत एकही माणूस बदलला नव्हता. भावनाविवश समीक्षकाला हे उदाहरण फार आवडते. पण बुडापेस्टवाल्यांनी माणसे बदलली म्हणून त्यांची निष्ठा कमी ठरत नाही आणि अमाडेयुसने दार लावले म्हणून त्यांची निष्ठा अलौकिक ठरत नाही. दोघांनीही आपले काम काय आहे याविषयी विचारपूर्वक निर्णय घेतला. त्याला ‘आत्मा’ म्हणणे म्हणजे त्यांच्या विवेकाचे श्रेय काढून घेणे होय.

आत्म्याच्या जोडीला आणखी एक लाडकी उपमा आहे, लग्नाची. ‘चौघांचा संसार’ असे म्हटले, की श्रोते हसतात आणि प्रश्न मिटतो. 2012 मध्ये आलेला ‘अ लेट क्वार्टेट’ हा चित्रपट याच उपमेवर उभा आहे. त्यातल्या दुसऱ्या व्हायोलिनवादकाला कधीतरी पहिल्या खुर्चीवर बसायचे आहे, आणि चित्रपट ही मागणी त्याच्या संसारातल्या वादळात मिसळून टाकतो. वास्तविक ती कामाच्या वाटपाविषयीची साधी, रास्त मागणी आहे. 1976 साली स्थापन झालेल्या एमर्सन क्वार्टेटने तिचे उत्तर फार पूर्वीच दिले होते : दोघे व्हायोलिनवादक पहिल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर आलटून पालटून बसत. 2023 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही रीत सांभाळली.

उपमांवर विसंबले की काय होते, हे अमेरिकेतल्या ऑडुबॉन क्वार्टेटच्या प्रकरणात दिसले. व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठाच्या आश्रयाने हा क्वार्टेट वाजवत असे. 2000 साली तिघांनी पहिल्या व्हायोलिनवादकाला काढून टाकले. तो न्यायालयात गेला. चौघांचा संसार मोडला तर चौथ्याचा वाटा किती, असा प्रश्न आता न्यायाधीशापुढे आला. सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचा निकाल लागला आणि उरलेल्या वादकांवर आपली वाद्येदेखील गमावण्याची पाळी आली. कोण बरोबर, कोण चूक, यात मला शिरायचे नाही. पण आत्म्याचे चार भाग करता येत नाहीत, कंपनीचे करता येतात, हे न्यायालयाने सर्वांना खडसावून सांगितले. वेगळे होण्याचे नियम शांतपणाच्या दिवसांत लिहून ठेवायचे असतात. आत्म्यावर श्रद्धा असली की माणूस ते लिहीत नाही.

आता दुसऱ्या विधानाकडे, म्हणजे ‘जमले नाही म्हणून मेळात गेले’ याकडे वळतो. मेहली मेहता हे नाव आपल्याला कसे ठाऊक आहे? झुबिन मेहतांचे वडील म्हणून. या माणसाने 1935 मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि 1940 मध्ये बाँबे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केला. चाळिशीकडे झुकत असताना तो न्यू यॉर्कला इव्हान गालामियन यांच्याकडे शिकायला गेला, पुढे मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात वाजवले, आणि पन्नाशी उलटल्यावर फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवले. आपल्या हिशेबाने ही उतरती भाजणी : मुंबईत संस्थापक, परदेशात दुसरी खुर्ची. पण ज्या कामाची या माणसाला ओढ होती ते मुंबईत पूर्णवेळ करता येत नव्हते आणि फिलाडेल्फियात करता येत होते. क्वार्टेटच्या रचनांत मधला स्वर सांभाळणे, पहिल्याला आधार देणे आणि योग्य क्षणी त्याच्यापासून अलग होणे, ही स्वतंत्र विद्या आहे. ती अवगत नसलेला थोर एकल वादक क्वार्टेटमध्ये हमखास अडखळेल. मराठीत ‘दुसरा’ हा क्रमवाचक शब्द आहे आणि ‘दुय्यम’ हा प्रतवाचक. भाषेने ठेवलेला हा भेद आपण समीक्षेत पुसून टाकतो.

मुंबईचा विषय निघाला आहे तर तोही पुरा करू. चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटांतली व्हायोलिने दशकानुदशके वाजवली. श्रेयनामावलीत त्यांची नावे आली नाहीत. काम रोजंदारीचे होते. सिंथेसायझर आला तसे ते आटत गेले. 2006 साली एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तेव्हा अनेक वादक कझाकस्तानसारख्या देशांतून आणावे लागले. आपल्याकडे प्रतिभा नव्हती असे कोणी म्हणू नये. प्रतिभेला महिनाअखेर जे लागते ते नव्हते.

यावर आक्षेप ठरलेला आहे : कलेच्या चर्चेत पगाराचा हिशेब कशाला? मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. उमेदीची काही वर्षे तासिका तत्त्वावर काढली. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावरून सांगितले गेले, की आपला विभाग म्हणजे एक कुटुंब आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आमच्यातल्या तिघांचे आठ महिन्यांचे मानधन थकलेले होते. मानधन मागायला गेल्यावर ‘कुटुंबात असे हिशेब करतात का?’ असे ऐकावे लागले. तेव्हापासून कोणी कामाच्या जागेला कुटुंब, संसार किंवा एक आत्मा म्हटले, की मी आधी विचारतो : मत कोणाला आहे, पैसे कोणाला किती मिळतात आणि बाहेर पडायची वाट कोणती? हे प्रश्न विचारल्याने कलेचा अपमान होत नाही. ते न विचारल्याने कलावंताचा होतो.

उत्तम करार केला म्हणून उत्तम वादन होते, असे मी म्हणत नाही. नियम चोख असलेले आणि वादन नीरस असलेले क्वार्टेट असू शकतात. पण चांगल्या वादनात आपण ज्या एकजिवाचे कौतुक करतो, तो कमावलेला असतो : रोजच्या तालमीत, मतदानात हरल्यावरही दुसऱ्याच्या मताप्रमाणे मनापासून वाजवण्यात, आणि सारख्या पैशांत. हरलेल्या मताने मनापासून वाजवणे, याहून अवघड कलाव्यवहार मला तरी ठाऊक नाही. त्याची दखल आपल्या समीक्षेने घ्यावी.

म्हणून यापुढे क्वार्टेटवर लिहिणाऱ्यांना एकच विनंती. चौघांचीही नावे लिहा. दुसरे व्हायोलिन आणि व्हायोला कोण वाजवते, ते कोठे शिकवतात, क्वार्टेटला आश्रय कोणाचा आहे, हाताखालची वाद्ये स्वतःची आहेत की उसनी, हे लिहा. त्यानंतर जागा उरली तर आत्म्याविषयी लिहा.